पदराआडचा डबा

इसवी सन 112 च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला एक पत्र पाठवलं. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा मुलूख. तिथे ख्रिस्ती म्हणवणारे लोक वाढत चालले होते आणि त्यांचं करायचं काय, असा सुभेदारापुढचा पेच होता. त्याने चौकशी केली, धमकावून पाहिलं, मंडळीत सेविका म्हणून काम करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ करून जबान्या घेतल्या. एवढा आटापिटा करून हाती लागलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, पांगतात, आणि मग पुन्हा एकत्र येऊन जेवतात. जेवण अगदी साधं, कुणाला अपाय न करणारं. हा शेवटचा शेरा मारणं सुभेदाराला भाग होतं, कारण हे लोक माणसाचं मांस खातात अशी अफवा त्या काळी साम्राज्यात फिरत होती.

ख्रिस्ती मंडळीविषयी बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या अगदी जुन्या कागदांपैकी हा एक. त्यात धर्मसिद्धान्त जवळजवळ नाही. एकत्र जेवणं मात्र आहे, आणि ज्यांच्या तोंडून ते वदवून घेतलं त्या दोन बायकाही आहेत.

एका देवळात उपासनेला बसणारी माणसं एकमेकांना घरचं खायला देतात, आजाऱ्याकडे डबा पोचवतात, म्हातारीसाठी बाकावर जागा धरतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. ऐकायला गोड आहे, आणि गोड विषयावरची व्याख्यानं पुष्कळदा साखरेच्या पाकातच संपतात. प्रस्तुत वक्त्याला एक थोडा खारट मुद्दा मांडायचा आहे. मंडळीतली माया टिकते ती तिला रिवाजाचा आडोसा मिळाला की. उपकार उघडा पडला की घेणारा लहान होतो. तोच घास सगळ्यांकडे जाणाऱ्या ताटातून आला, तर देणारा आणि घेणारा एका पातळीवर राहतात. हा आडोसा माणसांनी कुठे कसा उभारला आणि कुठे तो कोसळला, ते पाहण्यासारखं आहे.

कोसळल्याची कथा आधी, कारण ती जुनी आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत भांडण लागलं ते वाढपावरून. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ते आलं आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहत होत्या, इब्री बोलणाऱ्यांना बरोबर मिळत होतं. कुरकुर वाढली तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचावीत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर आणि पुढची चार. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यातल्या विधवांना वगळलं जात होतं त्यांच्याच हाती पळी देऊन टाकली. प्रशासनाच्या इतिहासात इतका शहाणा निर्णय क्वचित सापडेल. डीकन या पदाची परंपरा पुष्कळ मंडळ्या याच प्रसंगापर्यंत नेतात. आज डीकन रविवारी दानाची थैली फिरवतात, मागच्या खोलीत नोटा मोजतात आणि पंचकमिटीच्या निवडणुकीत रंगतात. मूळ नेमणूक वाढपी म्हणून झाली होती, ही आठवण काढली की काहींना ती फारशी रुचत नाही.

करिंथ शहरातली गोष्ट याहून बोचरी. तिथली मंडळी प्रभुभोजनासाठी जमे तेव्हा पुरं जेवणच होई. सुखवस्तू लोक आपापलं आणलेलं आधीच खाऊन घेत, द्राक्षारस पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. काबाडकष्ट करणारे आणि गुलाम काम आटोपून उशिरा पोचत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली: तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत काय, का ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता? एकत्र जेवायला बसल्याने माणसं आपोआप एक होत नाहीत, हे पहिल्या शतकातच कळून चुकलं होतं.

तरी ही पंगत पुढे बराच काळ चालू राहिली. प्रीतिभोजन म्हणतात ते हेच. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन त्याचं वर्णन करतो: आधी प्रार्थना, मग भूक भागेल इतकंच खाणं, दिवे लावल्यावर गाणं, शेवटी पुन्हा प्रार्थना. चौथ्या शतकात लवदिकीया इथल्या धर्मसभेने देवळात अशी भोजनं करायला बंदी घातली. मोठमोठी देवळं बांधली जाऊ लागली होती आणि जेवणाचा गोंगाट तिथे शोभेनासा झाला होता. वेदीवर भाकर आणि प्याला उरला. पोटभर जेवणाची जबाबदारी पुन्हा घरांवर, म्हणजे चुलीपाशी बसलेल्यांवर आली.

मराठी मुलखात हा विषय वेगळ्याच धारेने आला. इथे कोणाच्या हातचं खायचं यावर माणसाची जात ठरत होती. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ठाणं उघडलं. पुढच्या काळात त्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांत मोठ्या संख्येने महार आणि मांग समाजांतली कुटुंबं आली, काही थोडी ब्राह्मण घरंही आली. बाप्तिस्मा हा पाण्याचा विधी खरा, पण गावाच्या लेखी माणूस बाटला तो पंगतीला बसला तेव्हा. आणि मंडळीच्या आतही सगळं एका दिवसात सुटलं नाही. महार आणि मांग घरांमधला रोटीबेटीचा दुरावा देवळाच्या दारातूनही आत आला. त्या काळात एका ख्रिस्ती बाईने दुसरीकडे कालवणाची वाटी पाठवणं आणि दुसरीने ती घेणं, याला आजच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त धैर्य लागत होतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 मध्ये आला. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या खऱ्या, पण सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ते एकेक करत कसं गळत गेलं, ते त्या स्वतःवर हसत सांगतात. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुस्तक नीट वाचलं तर त्यांचं धर्मांतर आधी स्वयंपाकघरात झालेलं दिसतं. त्यापुढे टिळकांच्या घरी पाहुण्यांचा राबता, आणि नवरा कोणाला कधी जेवायला घेऊन येईल याचा नेम नाही. संसाराला पैसा पुरत नसे आणि माणसं मात्र वाढत, यावरून लक्ष्मीबाईंनी जे चिमटे काढले आहेत, ते अतिथिधर्मावरच्या प्रवचनांहून जास्त उपयोगाचे आहेत.

पंडिता रमाबाईंची गोष्ट उलट्या बाजूची, म्हणून ती इथे हवी. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती मठात राहिल्या आणि त्याच वर्षी तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मांस-मासे त्यांनी तरीही घेतले नाहीत. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा रमाबाईंवर खराखुरा जीव होता, पण हा शाकाहार त्यांना जातीचा अहंकार वाटे. रमाबाईंनी पत्रातून केलेला सवाल आजही ताजा आहे: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिने आपल्या निरुपद्रवी चालीरीती बदलल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? वाढणाऱ्याचं प्रेम कितीही खरं असलं तरी समोरचा काय खातो हे न विचारता वाढलेलं ताट म्हणजे एक प्रकारची सक्तीच. आजही मंडळीच्या जेवणात चिकन बिर्याणीच्या पातेल्याशेजारी डाळ-भाताचं छोटं भांडं ठेवायचं कोणाला सुचतं, कोणाला सुचत नाही. मधुमेही आजोबांच्या हातावर दरवर्षी मावा-केकचा तुकडाच ठेवला जातो.

अन्नाचा संशयही याच काळातला. 1876 ते 78, 1896-97 आणि 1899-1900 असे तीन मोठे दुष्काळ दख्खनने पाहिले. मिशनांनी अन्नछत्रं चालवली, अनाथ मुलं सांभाळली. रमाबाईंनी केडगावला शेकडो दुष्काळग्रस्त मुली आणि बायका आणल्या. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासूनचा, आणि तो ख्रिस्ती घरांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. यातून एक गोष्ट घडली असावी असं प्रस्तुत वक्त्याला वाटतं. मराठी ख्रिस्ती माणूस अन्नदान या शब्दाला थोडा बिचकतो. एकमेकांना द्यायचं असेल तर तो दान म्हणत नाही. "जास्तीचं झालं होतं म्हणून आणलं," एवढंच म्हणतो. जास्तीचं काही झालेलं नसतं; मापून केलेलं असतं, आणि घरातल्या कोणीतरी एक चपाती कमी खाल्लेली असते. मुलाची नोकरी गेलेल्या घरी रात्री पदराआड जाणारा डबा याच वाक्याच्या आधाराने दार ओलांडतो.

या बाबतीत गोव्याने मात्र आडोसा कसा उभारावा याचा वस्तुपाठच घालून दिला आहे.

नाताळच्या आधी गोव्यातल्या कॅथलिक घरांत जे पदार्थ होतात ते एकट्याच्याने होत नाहीत. दोदोल घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून मंद आचेवर तासन्‌तास ढवळत राहायचं. हात थांबला की खाली लागलंच. एक बाई दमली की दुसरीने कालथा घ्यायचा. बेबिंकाचे थर एकेक करून भाजायचे, प्रत्येक थराला वरून निखाऱ्यांची आच, वरचा थर झाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. कलकल काट्याच्या चमच्यावर किंवा फणीवर एकेक वळायचे, तिथे घरातली पोरं आणि शेजारच्या म्हाताऱ्या सगळ्या कामाला. नेवऱ्या, पिनाग, चण्याच्या डाळीचं दोस, खोबऱ्याचं बात. म्हणजे शेजाऱ्याकडे ताट जायच्या आधीच शेजारी त्या पदार्थांत शिरलेला असतो.

मग ताटं निघतात. कोन्सुआदा म्हणतात त्याला, मंगळुरूकडे कुस्वार. विणलेल्या किंवा भरतकामाच्या रुमालाखाली सगळ्या पदार्थांचे थोडे थोडे नग, आणि घरातली मुलं ती वाड्यावर फिरवतात. ताट श्रीमंताकडे जातं तसंच एकट्या राहणाऱ्या विधवेकडे जातं, खलाशाच्या घरी जातं तसंच पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या घरी जातं. हिंदू शेजाऱ्यांकडे तर हमखास जातं, आणि चवथीला त्यांच्याकडून नेवऱ्या येतात. आतल्या पदार्थांत फरक करायचा नसतो. ज्या घरात नाताळला काहीच करता आलेलं नाही, त्या घरीही गोडधोड असतं आणि तिथे दया दाखवली असं कोणी म्हणू शकत नाही, कारण ताट तर सगळ्यांकडेच गेलेलं आहे.

यातली सर्वांत सुरेख कलमं दुखवट्याची आहेत. वर्षभरात ज्या घरी मयत झालं ते घर नाताळचे पदार्थ करत नाही आणि ताटं पाठवत नाही. शेजारपाजारचे मात्र त्यांच्याकडे पाठवतात. परतफेडीचा प्रश्नच त्या वर्षापुरता रद्द. समाजशास्त्रज्ञांनी देवघेवीवर जाड ग्रंथ लिहिले. वाड्यावरच्या बायकांनी हा नियम कोणताही ग्रंथ न वाचता केला आणि पाळला.

गोव्यातच लग्नाआधी भिकाऱ्यांचं जेवण घालायची चाल आहे. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने गरिबांना बोलवायचं, मानाने बसवायचं आणि यजमानांनी स्वतः वाढायचं. वाड्यावरच्या क्रूसापाशी लदाईन म्हणजे स्तोत्र-प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात, मोठ्यांना फेणीचा घोट मिळतो. वाटेने जाणारा उभा राहिला तर त्यालाही. चण्यांना खर्च फारसा नाही, आणि म्हणूनच पाळी कोणाचीही असो, गरिबाला ती चुकवावी लागत नाही. महागडं खाणं वाटायची प्रथा पडली की हळूहळू काही घरं पाळी घेईनाशी होतात. हल्ली काही मंडळ्यांत घरगुती प्रार्थनासभेनंतर केटररचं पॅकेट देण्याची टूम निघाली आहे. एकाने पनीर दिलं की दुसऱ्याला कमी देववत नाही; मग तिसरा आपल्या घरी सभा ठेवायचंच टाळतो. पूर्वीचे पोहे-चहा जास्त धर्माला धरून होते, असं म्हटलं तर ती नुसती जुन्याची हळहळ नाही, त्यात साधा हिशेब आहे.

देशावरच्या मंडळ्यांत नाताळचा फराळ दिवाळीचाच भाऊ. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू. जोडीला केक. घरी ओव्हन नसायचा त्या काळात, आणि कित्येक ठिकाणी अजूनही, मैदा, साखर, अंडी, डालडा घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचं, तिथल्या भट्टीत नानकटाई आणि केक भाजून घ्यायचे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या भट्टीपुढे रांग लागते. कोणाचे पत्रे आधी आत जायचे यावरून वाद होतात, आणि तिथेच कोणाच्या घरी कोण आजारी आहे ही वार्ताही फिरते. कॅरल गाणारी तरुण मंडळी रात्री घरोघर जातात तेव्हा प्रत्येक घरी काहीतरी तोंडात टाकावंच लागतं. अकराव्या घरातला लाडू खाणं ही खरी तपश्चर्या.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, ही मराठी रीत धर्म बदलल्याने सुटली नाही. पिठलं-भाकरी, नाहीतर मुगाची खिचडी शेजारून येते. मंडळीच्या बायका भांडी घेऊनच येतात, पाहुण्यांचा चहा सांभाळतात, चपलांचा ढीग दारातून बाजूला करतात. हे सगळं पहिले तीन-चार दिवस. अडचण पुढची आहे. पाहुणे पांगतात, मुलगा पुण्याला किंवा दुबईला परततो, आणि तिसऱ्या आठवड्यात एका माणसासाठी कुकर लावायचा की नाही या विचारात संध्याकाळ जाते. त्या वेळी आलेल्या डब्याची किंमत पहिल्या दिवशीच्या दहा डब्यांएवढी. काही महिला मंडळं हे जाणतात आणि मयताला महिना झाल्यावर मुद्दाम फेरी मारतात. बहुतेकांना ते लक्षात येत नाही.

बारीकसारीक गोष्टी तर मोजण्यापलीकडच्या. मोतीबिंदू झालेल्या आजींना 'उपासना संगीत' मधलं गीत शोधून पान उघडून देणं. पंख्याखालची जागा धरून ठेवणं. गुडघे धरलेल्या काकांना स्कूटरवर मागे बसवून आणणं. रविवारी कोणाचा बाक रिकामा दिसला, हे पाळकसाहेबांना व्यासपीठावरून दिसतंच असं नाही, पण मागच्या रांगेतल्या बाईला अचूक दिसतं. दुपारी तिचा फोन जातो: "आज दिसला नाहीत?" मंडळीचं हजेरीपुस्तक असलंच तर ते हेच.

कापणीच्या सणाबद्दल थोडं. आजच्या स्वरूपातला हा उत्सव इंग्लंडात कॉर्नवॉल परगण्यातल्या मॉरवेनस्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या पाळकाने 1843 मध्ये सुरू केला, असं मानतात. नव्या धान्याची भाकर त्याने प्रभुभोजनाला वापरली होती. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो, भाताच्या लोंब्या मिरवत नेऊन त्यांना आशीर्वाद दिला जातो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र या सणाची खरी मजा लिलावात असते. कोणी भोपळा आणतं, कोणी गावरान कोंबडी, कोणी घरचं लोणचं. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारा भोपळा इथे पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा लिलावात देऊन टाकतो, आणि शेवटी तो भोपळा ज्या घराला खरंच हवा असतो तिथे कोणाच्या तरी हाताने, बोली न लावता पोचतो. पैसे मंडळीला मिळाले, हशा सगळ्यांना मिळाला, भाजी योग्य घरी गेली. पुन्हा तोच आडोसा, या वेळी गमतीचा.

मिझोराममध्ये अशाच छोट्या देण्यातून एक मोठी संस्था उभी राहिली. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत 1910 पासून 'बुहफाय थाम' चालू आहे. भात शिजवायला घेताना प्रत्येक वेळी बाईने एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. मंडळी तो गोळा करून विकते आणि त्यावर पुष्कळसं धर्मकार्य चालतं. मूठ सगळ्यांची सारखीच असते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या, मूठमूठ धान्य जमवणाऱ्या मुष्टिफंडाची आठवण असलेल्या सातारकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता एक दूरची, पण या सगळ्याला कसाला लावणारी गोष्ट. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर, डिसेंबर 1955. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार घातला. तो 381 दिवस चालला. सभा होत त्या चर्चमध्येच, आणि एवढे दिवस हजारो माणसांना कामावर ने-आण करायची तर गाड्या, पेट्रोल, विमा यांना पैसा हवा. जॉर्जिया गिलमोर ही एका खानावळीत स्वयंपाक करणारी, सहा मुलांची आई. तिने चिकन तळून सँडविचेस केली आणि सभेला आलेल्यांना विकली. मग आणखी बायका मिळाल्या. कोणी रताळ्याच्या पाई भाजल्या, कोणी केक केले. दारोदार, केशकर्तनालयांत, धोबीखान्यांत ते विकले.

यातल्या बहुतेक बायका गोऱ्यांच्या घरी मोलकरणी नाहीतर स्वयंपाकिणी. नाव बाहेर आलं की नोकरी गेलीच. म्हणून गटाला नाव दिलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. देणाऱ्या बायकांची नावं जवळजवळ एकट्या गिलमोरला माहीत. आठवड्याच्या सभेत ती उठून जमलेली रक्कम जाहीर करायची आणि सगळं चर्च उभं राहून टाळ्या पिटायचं. शहराच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनी ते पाहून आपला वेगळा क्लब काढला आणि कोण जास्त जमवतं याची चुरस लागली. चर्चमधल्या बायकांची चुरस कुठल्याही देशात सारखीच, पण इथे ती बहिष्काराच्या कामी आली.

गिलमोरने मार्च 1956 मध्ये बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली. नोकरी गेली. किंग यांनी तिला घरीच खानावळ घालायला सुचवलं आणि मदतही केली. पुढे त्या घरातल्या टेबलाशी चळवळीतले पुढारी, पाळक, मजूर, काही गोरे लोकसुद्धा शेजारी शेजारी बसून जेवू लागले. ज्या शहरात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणं खपत नव्हतं, त्या शहरात. मार्च 1990 मध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी या पदयात्रेला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पदयात्रींसाठी ती चिकन आणि मॅकरोनी करत होती. त्याच दरम्यान ती वारली. सांत्वनाला आलेल्या लोकांनी तिनेच केलेलं जेवण जेवलं.

पौलाने करिंथकरांना जे पत्र लिहिलं त्याचं उत्तर मॉन्टगोमेरीच्या स्वयंपाकिणींनी दिलं, असं म्हणावंसं वाटतं. पण इथेच एक अवघड प्रश्नही निघतो. या व्याख्यानात आतापर्यंत आलेली माणसं पुन्हा आठवून पाहावीत. ढवळणारी बाई, मूठ काढणारी बाई, डबा नेणारी बाई, फोन करणारी बाई. पुरुष आले ते पत्रं लिहायला, बंदी घालायला आणि भोपळ्यावर बोली लावायला. माया हे बायकांचं अंगभूत लेणं आहे असं म्हणून मोकळं होणं सोयीचं असतं, विशेषतः ज्यांना पातेली घासावी लागत नाहीत त्यांना. नाताळच्या सकाळी उपासना चालू असताना मागच्या शेडमध्ये दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांना प्रवचनाचं एक वाक्यही ऐकू येत नाही. दुसऱ्या पंगतीला, कधी तिसऱ्या पंगतीला, उरलंसुरलं घेऊन त्या उभ्यानेच जेवतात. ज्या विधवांसाठी यरुशलेमेत सात माणसं नेमावी लागली, त्यांची ओळख पटायला लांब जायला नको.

घरात बायको नसलेला पुरुष हीदेखील या व्यवस्थेतली फट आहे. विधुर शिक्षक, शिक्षणासाठी शहरात आलेला मराठवाड्यातला मुलगा, झारखंडहून कंपनीत कामाला आलेला नि मराठी नीट न समजणारा उराँव तरुण: यांच्याकडे ताट पाठवायचं कोणी, आणि परतीचं ताट येणार कुठून, या घोळात ते राहून जातात. बायकांच्या ओळखीच्या जाळ्यातून डबे फिरतात, आणि त्या जाळ्यात यांचं टोकच नसतं.

तोडगा अवघड नाही आणि नवाही नाही. जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरेव्हियन मंडळीने 1727 मध्ये प्रीतिभोजन पुन्हा सुरू केलं. इंग्रज पाळक जॉन वेस्ली 1737 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात त्यांच्याबरोबर त्याला बसला आणि पुढे त्याने ती पद्धत मेथडिस्टांत नेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम शहरात मोरेव्हियनांचं हे भोजन आजही देवळातच, बाकांवर बसल्याजागी होतं. गीतं चालू असतात, पांढऱ्या पोशाखातल्या बायका टोपल्यांतून गोड पाव पुढे सरकवतात आणि दुधाळ कॉफीने भरलेल्या मगांचे जड ट्रे पुरुष उचलून आणतात. वाढणं हा उपासनेचाच भाग असल्यामुळे वाढणारा उपासनेबाहेर राहत नाही, आणि ट्रे पुरुषाच्या हातात दिसतो याचं कोणाला नवल वाटत नाही. मराठी मंडळ्यांना पुढच्या कापणीच्या सणाला चहाच्या किटलीपासून सुरुवात करता येईल. पंचकमिटीच्या बैठकीत लिलावाची वेळ ठरतेच. भाजी चिरायला कोण येणार, पातेली कोण घासणार आणि त्या दिवशी वसतिगृहातल्या मुलांकडे डबे घेऊन कोण जाणार, ही नावंही त्याच इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि त्यातली निम्मी डीकनांची असावीत.